हौशी सायकलिंगसाठी साधा मीटर, फोन की जीपीएस? काय बघून ठरवावं?

मंदगती

आठवड्यातून दोनदा ३० ते ६० किमी, महिन्यातून एखादी १०० किमीची राइड. शर्यत नाही, पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र) नाही, ट्रेनिंग प्लॅन नाही. टायर ७००x३२ (म्हणजे ३२ मिमी रुंद). अपेक्षा एवढ्याच: वेग, अंतर आणि वेळ दिसावी, चढ किती झाला ते कळावं आणि अनोळखी रस्त्यावर वळण चुकू नये. बाजारात चुंबकवाल्या मीटरपासून मोठ्या रंगीत पडद्याच्या जीपीएसपर्यंत सगळं आहे आणि जाहिराती वाचून काहीच ठरत नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं ही विनंती. कोणता ब्रँड घेऊ यापेक्षा काय तपासून घेऊ, हे हवं आहे.

चढउतार

पडद्याकडे बघून रस्त्यात तुम्ही काय ठरवणार आहात, तिथून सुरुवात करा.

फक्त वेग, अंतर, वेळ बघायची असेल तर चुंबकवाला मीटर पुरतो. कॅटआय आणि सिग्मा यांचे साधे मीटर हेच काम वर्षानुवर्षं करत आले आहेत. एका बटन सेलवर महिनोन् महिने चालतात, चार्जिंगची कटकट नाही. राइड जपून ठेवायची, नंतर नकाशावर बघायची असेल तर नकाशा नसलेला छोटा जीपीएस. आणि वळणं सांगणारा हवा असेल तर नकाशावाला.

तुमच्या यादीतली शेवटची अपेक्षा सगळ्यात महागाची आहे. मधल्या गटातली बरीच यंत्रं (उदा. गार्मिन एज १३० प्लस) कोऱ्या पडद्यावर नुसती रेघ दाखवतात. रेघ मोकळ्या रस्त्यावर छान चालते. पण जिथे दोन रस्ते अगदी कमी कोनात फुटतात, तिथे रेघ कोणत्या रस्त्यावर आहे ते कळत नाही. पन्नासेक मीटर पुढे जाऊन बाण रेघेपासून सरकला की मग समजतं. नकाशावाल्यात दोन्ही रस्ते दिसतात, त्यामुळे फाट्यावर थांबावं लागत नाही. महिन्यातून एकदाच नवा रस्ता असेल तर रेघ पुरेल. दर आठवड्याला नवा असेल तर नकाशावालाच घ्या.

खोगीर

साध्या मीटरला कमी लेखू नका. नीट बसवला तर अंतराच्या बाबतीत तो जीपीएसपेक्षा सरस ठरतो, कारण तो चाकाचे फेरे मोजतो आणि त्याला परिघाने गुणतो. आकाश दिसो न दिसो, बोगदा असो की दाट झाडी. अट एकच, परिघाचा आकडा बरोबर हवा.

तक्त्यातले नेहमीचे आकडे मिलिमीटरमध्ये: ७००x२५ ला २१०५, ७००x२८ ला २१३६, ७००x३२ ला २१५५, ७००x३८ ला २१८०, २६x१.९५ ला २०५०, २९x२.१ ला २२८८. तुमचा टायर ३२ चा आहे आणि मीटरमध्ये आधीचा २१०५ तसाच राहिला, तर खऱ्या १०० किमीला तो ९७.७ दाखवेल. वेगही त्याच प्रमाणात कमी दिसेल.

तक्ता हा अंदाज असतो. रिमची रुंदी, टायरची बनावट, भरलेली हवा, तुमचं वजन, सगळ्यानेच परीघ थोडा बदलतो. म्हणून मोजूनच घ्या. सेन्सर पुढच्या चाकाला असेल तर पुढचंच चाक मोजायचं. टायरमध्ये नेहमीची हवा भरा. व्हॉल्व्ह बरोबर खाली, जमिनीच्या बाजूला आणा आणि तिथे जमिनीवर खडूची खूण करा. आता सायकलवर बसा, कारण वजनाने टायर दबतो आणि तो दबलेलाच मोजायचा आहे. कोणाला तरी धरायला सांगा आणि सरळ रेषेत हळूहळू पुढे जा. चाकाचे तीन पूर्ण फेरे झाले आणि व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून तीनने भागा. ६४५० आलं तर परीघ २१५०. एकाच फेऱ्यावर मोजलं तर खूण करण्यातली ५ मिमीची चूक पूर्ण अंगावर येते. तीन फेऱ्यांत ती तिसऱ्या हिश्शावर येते.

काही मीटर परीघ सेंटिमीटरमध्ये मागतात. तीनच आकड्यांची जागा दिसली तर २१५ टाका.

दोनचाकी

परिघाची पद्धत छान सांगितलीत. चुंबक आणि सेन्सर बसवताना काय काळजी घ्यायची? वेग मधेच शून्य होतो, पुन्हा येतो, असं बऱ्याच मीटरांचं ऐकलं आहे.

खोगीर

दहांतल्या नऊ वेळा फट जास्त झालेली असते. आऱ्यावरचं चुंबक आणि पुढच्या चिमट्यावरचा सेन्सर यांत २ ते ५ मिमीच फट ठेवा. सेन्सरवर एक बारीक रेघ असते, चुंबक त्या रेघेसमोरूनच जायला हवं. सेन्सर झिप टायने बांधताना त्याखाली रबराचा तुकडा ठेवा, नाहीतर धक्क्यांनी तो चिमट्याभोवती फिरतो, फट वाढते आणि वेग शून्य होतो. चाक हाताने फिरवून पडद्यावर वेग येतो का ते बघा आणि मगच टाय घट्ट करा.

वायरवाला असेल तर वायर ब्रेकच्या केबलभोवती गुंडाळत वर न्या. शेवटचे टाय आवळण्याआधी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वायर ताणली जात असेल तर थोडी ढिली सोडा. ती आतून तुटते ती बहुधा इथेच, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

जुन्या पद्धतीच्या बिनवायरी मीटरची रेंज तोकडी असते, साधारण ७० सेंमी. सेन्सर चिमट्यावर वरच्या बाजूला आणि मीटरकडे तोंड करून बसवा. उभ्या सायकलवर मीटर ४०-५० चा वेग दाखवत असेल तर शेजारचा एलईडी दिवा बंद करून बघा. स्वस्त दिव्यांतल्या सर्किटचा उपद्रव या मीटरना होतो. दिवा हँडलच्या दुसऱ्या टोकाला नेला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. आणि मीटर मधेच पूर्ण कोरा होत असेल तर खालचे धातूचे ठिपके बघा. घामाने आणि पावसाने त्यांवर हिरवट थर चढतो. पेन्सिलच्या खोडरबराने घासून कोरड्या फडक्याने पुसा.

दोनचाकी

आभार. मग पुढचा प्रश्न. फोन प्रत्येकाकडे आहे, त्यात जीपीएस आहे, नकाशा आहे. वेगळं यंत्र घ्यायचंच कशाला?

अक्षांश

फोन नोंद ठेवायला चांगला आहे, हँडलवर लावायला नाही.

भर उन्हात फोनचा पडदा वाचायचा तर प्रकाश पूर्ण वाढवावा लागतो. त्याने बॅटरी उतरते आणि फोन तापतो. तापला की तो स्वतःच पडदा मंद करतो, म्हणजे नेमकं हवं तेव्हा दिसत नाही. सायकलच्या बऱ्याच यंत्रांत परावर्तित उजेडावर दिसणारा पडदा असतो. ऊन जितकं कडक, तितका तो स्पष्ट दिसतो आणि त्यासाठी वीज लागत नाही. शिवाय ओल्या बोटांना फोनचा पडदा दाद देत नाही. कॅमेऱ्याचाही प्रश्न आहे. मोठ्या मोटरसायकलच्या इंजिनाच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण खडबडीत रस्त्यावर तासन् तास लावणार असाल तर कंपन शोषणारा माउंट तरी घ्या.

फोनच वापरायचा असेल तर खिशात ठेवा, पडदा बंद, वळणं आवाजात ऐका. त्यासाठी तीन गोष्टी आधी करा. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी पडदा बंद असतानाही चालेल अशी द्या. अँड्रॉइड असेल तर त्या अ‍ॅपपुरती बॅटरी बचत बंद करा. आणि त्या भागाचा नकाशा घरीच उतरवून घ्या. दुसरी गोष्ट विसरली की फोन अ‍ॅपला मधेच झोपवतो. राइड संपल्यावर नकाशात डोंगरावरून आरपार गेलेली सरळ रेघ दिसते ती त्यामुळेच, त्यात जीपीएसचा दोष नसतो.

मंदगती

हे पटलं. आता चढाबद्दल सांगा. एकाच राइडला दोन यंत्रं ४२० आणि ५६० मीटर असं काहीही दाखवतात. कोणतं खरं मानायचं?

चढउतार

माझ्या आवडीचा विषय. उंची तीन प्रकारे काढतात आणि तिन्हींच्या चुका वेगळ्या आहेत.

पहिला प्रकार नुसत्या जीपीएसवरून. उपग्रह सगळे आपल्या डोक्यावर, खाली एकही नाही. त्यामुळे उभ्या दिशेतली चूक आडव्या दिशेपेक्षा जास्त येते. सपाट रस्त्यावर आकडा वरखाली डोलतो आणि प्रत्येक डोलणं बेरजेत शिरलं तर चढ फुगतो.

दुसरा वायुदाबावरून. समुद्रसपाटीजवळ दर ८ ते साडेआठ मीटर चढाला दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. दाबमापक इतका संवेदनशील असतो की एखाद्या पुलाचा चढही टिपतो. म्हणून चढाच्या बेरजेसाठी हाच सगळ्यात विश्वासाचा. याची खोट हवामानात आहे. राइड चालू असताना दाब २ हेक्टोपास्कलने उतरला तर घरी परतल्यावर यंत्र तुमच्या दारात १६-१७ मीटर जास्त उंची दाखवेल. त्याने पूर्ण उंचीचा आकडा सरकतो, चढाची बेरीज मात्र फारशी बिघडत नाही.

तिसरा, राइड चढवल्यावर वेबसाइट आपल्या उंचीच्या नकाशावरून आकडा काढते. नकाशाचे चौकोन मोठे, काही ठिकाणी ३० मीटरचे. डोंगराच्या कडेने कापलेला रस्ता असेल तर जीपीएस ५-१० मीटर सरकल्याने तुम्ही दरीच्या किंवा कड्याच्या चौकोनात जाता आणि चढ वाढतो. पुलावरून जाताना खालच्या नदीची उंची धरली जाते.

तेव्हा चढ महत्त्वाचा असेल तर दाबमापक आहे का ते विकत घेण्याआधी वाचा. मोठा पडदा आणि नकाशा आहे म्हणजे तो असेलच असं धरू नका. गार्मिनच्या एज एक्सप्लोर २ मध्ये पूर्ण नकाशा आहे पण दाबमापक नाही, तर लहानशा एज १३० प्लसमध्ये तो आहे.

अक्षांश

+१. उपग्रहांबद्दल थोडी भर घालतो, कारण खोक्यावर सगळ्यात ठळक तेच छापलेलं असतं.

मोकळ्या आकाशाखाली आजचं कुठलंही बरं यंत्र काही मीटरच्या आत जागा सांगतं. हौशी राइडला तेवढं भरपूर आहे. उंच इमारतींच्या मधून जाताना सिग्नल भिंतीवर आपटून येतो, त्याला जास्त वाट चालावी लागते आणि यंत्राला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. दोन वारंवारिता ऐकणारी यंत्रं (१५७५.४२ आणि ११७६.४५ मेगाहर्ट्झ) हे आपटून आलेले सिग्नल चांगले ओळखतात. गार्मिन एज ५४० आणि ८४० मध्ये ही सोय आहे. पण तिने बॅटरी जास्त खर्च होते. तुमचे रस्ते बहुतेक मोकळे असतील तर त्यासाठी जादा पैसे घालू नका.

त्यापेक्षा दोन सवयी जास्त उपयोगी. पहिली, निघण्याआधी यंत्र उघड्यावर ठेवा आणि उपग्रह सापडल्याची खूण आल्यावरच स्टार्ट दाबा. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो आणि चालत्या सायकलवर ती तुटक मिळते. महिनाभर बंद असलेल्या यंत्राला जास्त वेळ द्या. फोनशी जोडलेलं असेल तर तीच माहिती इंटरनेटवरून येते आणि काम लवकर होतं. दुसरी, नोंद दर सेकंदाला ठेवा. 'स्मार्ट' नोंदीत यंत्र मधले बिंदू गाळतं आणि वळणदार रस्त्याचे कोपरे छाटले जाऊन अंतर कमी भरतं.

नकाशावेडी

आता वळण का चुकतं त्याकडे येऊ, कारण धागाकर्त्याची खरी गरज ती आहे. यंत्र चांगलं असूनही माणूस चुकतो तो बहुधा फाइलमुळे.

आखलेला रस्ता यंत्रात टाकायच्या जीपीएक्स फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. 'ट्रॅक' म्हणजे रस्त्यावरचे जवळजवळचे शेकडो बिंदू. यंत्र ते जोडतं आणि रेघ जशीच्या तशी मिळते. 'रूट' म्हणजे मोजके टप्पे, आणि दोन टप्प्यांमधला रस्ता यंत्र स्वतः शोधतं. घरी तुम्ही आखलेला शांत रस्ता आणि यंत्राने शोधलेला रस्ता मग वेगळे निघतात. म्हणून फाइल उतरवताना ट्रॅकच घ्या. वळणाच्या सूचना हव्या असतील तर टीसीएक्स किंवा फिट या फाइल प्रकारांत घ्या, त्यांत 'डावीकडे', 'उजवीकडे' हे बिंदू सोबत येतात. नुसत्या जीपीएक्स ट्रॅकवर नकाशा नसलेलं यंत्र बहुधा काहीच सांगत नाही, रेघ तेवढी दाखवतं.

आखून झाल्यावर उपग्रह चित्रावर एकदा पूर्ण रस्ता नजरेखालून घाला. बरेच नकाशे ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालतात. ती स्वयंसेवकांनी भरलेली असते आणि पायवाट, कच्चा रस्ता, डांबरी रस्ता यांची नोंद सगळीकडे सारखी काटेकोर नसते.

जिथून निघालो तिथेच संपणाऱ्या राइडची एक गंमत आहे. सुरुवात आणि शेवट एकाच जागी असल्याने काही यंत्रं सुरू करताक्षणी 'राइड पूर्ण' म्हणतात. आणि गेलो त्याच रस्त्याने परतायचं असेल तर रेघेवर रेघ येते आणि परतीच्या सूचना जातानाच मिळू लागतात. सोपा उपाय: दोन फाइली करा, एक जाण्याची, एक परतीची. थांब्यावर पहिली बंद करून दुसरी उघडा. राइडची नोंद चालूच राहते.

आणि 'आपोआप नवा रस्ता शोध' ही सोय बंद ठेवा. रेघ सोडली की यंत्र एकतर चुकलेल्या बिंदूकडे मागे वळा म्हणतं, किंवा शेवटाकडे जवळचा रस्ता काढतं आणि तो रहदारीचा निघतो. फक्त 'रस्ता सोडला' ही सूचना चालू ठेवा. आवाज झाला की थांबा, नकाशा लहान करून रेघ कुठे आहे ते बघा आणि तिकडे वळा.

मंदगती

ही माहिती कुठल्याच परीक्षणात मिळाली नव्हती. नकाशावाला जीपीएस असं जवळजवळ ठरलं. त्याच्याबरोबर सेन्सर घ्यावेत का? आणि बॅटरीचा आकडा कितपत खरा धरायचा?

अक्षांश

वेगाचा सेन्सर घ्या. चाकाच्या हबवर रबराने बसतो, चुंबक लागत नाही. जीपीएसवरचा वेग झाडीत आणि तीव्र चढावर अडखळतो, सेन्सरवरचा अडखळत नाही. परीघ बरीच यंत्रं जीपीएसवरून स्वतः काढतात, पण खोगीर यांनी सांगितलेल्या पद्धतीने मोजून हाताने टाकलेला आकडा उत्तम. केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) मोजणारा सेन्सर डाव्या क्रँकवर, म्हणजे पेडलच्या दांड्यावर लागतो. पेडल जड मारायची सवय मोडायची असेल तर उपयोगी, नाहीतर राहू द्या.

जोडताना लोक एक चूक हमखास करतात. सेन्सर फोनच्या ब्लूटूथमध्ये जोडून टाकतात. बरेच सेन्सर ब्लूटूथवर एका वेळी एकाशीच बोलतात. फोनने तो धरला की यंत्राला सापडत नाही आणि सेन्सर खराब म्हणून परत केला जातो. जोडणी यंत्राच्या सेन्सर मेनूतूनच करा, शक्य तिथे अँट प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनवायरी जोडणी) निवडा. अँट प्लसवर सेन्सर आकडे सगळ्यांसाठी सोडत राहतो, कितीही यंत्रं ऐकू शकतात. जोडण्याआधी चाक फिरवून सेन्सर जागा करा. आणि गटात असाल तर बाजूला जाऊन जोडा, नाहीतर शेजाऱ्याचा वेग तुमच्या पडद्यावर येईल.

खोक्यावरचा बॅटरीचा आकडा अनुकूल परिस्थितीतला असतो. पडद्याचा दिवा, रस्ता दाखवणं, दोन वारंवारिता आणि फोनशी जोडणी, सगळं त्यातून वजा होतं. तुमची सगळ्यात लांब राइड थांब्यांसकट ७ तासांची असेल तर १५ तासांचा दावा असलेलं घ्या. आतली बॅटरी वर्षांगणिक थोडी उतरणार, तोही हिशोब त्यात येतो. काही जुनी यंत्रं चालत्या राइडमध्ये पॉवर बँक लावली की संगणकाला जोडल्यासारखी वागतात आणि नोंद थांबवतात. नुसतं चार्जिंग करणारी, डेटा न नेणारी वायर वापरली तर असं होत नाही.

खोगीर

माउंटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाव फेरा फिरवून अडकणारे गार्मिन आणि वाहू या दोन कंपन्यांचे माउंट दिसायला सारखे, पण एकमेकांत बसत नाहीत. जोर लावला की यंत्राच्या पाठीचे कान तुटतात. हँडलच्या पुढे येणारा माउंट घ्या, मान कमी वाकते. घेण्याआधी हँडलचा मधला व्यास बघा, बऱ्याच सायकलींना तो ३१.८ मिमी असतो. जुन्या सायकलींना कमी असतो, तिथे रबरी पट्टी लावून जाडी भरा. स्क्रू आवळला की यंत्र हाताने दाबून बघा, खाली झुकता कामा नये. आणि सोबतची दोरी लावाच. खड्ड्यात यंत्र उडालं तर ती वाचवते.

बटणं की टच, यावर माझं मत स्पष्ट आहे: बटणं. घामाचा थेंब पडद्यावर पडून पान बदलतं आणि हातमोज्यांनी टच नीट चालत नाही. एज ८४० सारख्यात दोन्ही आहेत, तिथे राइडमध्ये टच कुलूपबंद करता येतो.

चाकोरी

चांगला धागा. एक अडचण विचारते. चढावर वेग ५-६ किमी झाला की नोंद आपोआप थांबते आणि पुन्हा सुरू होते, त्यामुळे सरासरी वेग उगाच जास्त येतो. शिवाय पावसात भिजल्यावर उंची एकदम ८०-९० मीटर उडी मारते. यंत्र बिघडलं का?

चढउतार

बिघडलेलं नाही. पहिल्यासाठी 'ऑटो पॉज'ची मर्यादा बघा. ती ठरावीक वेगावर असेल तर ३ किमीवर आणा, किंवा 'पूर्ण थांबल्यावर' निवडा. वेगाचा सेन्सर लावला की हा त्रास जवळपास जातोच, कारण तीव्र चढावर अडखळतो तो जीपीएसचा वेग.

दुसऱ्याचं कारण दाबमापकाचं छिद्र. यंत्राच्या पाठीमागे किंवा तळाशी टाचणीच्या डोक्याएवढी एक-दोन छिद्रं असतात. त्यांत पाण्याचा थेंब अडकला की आतली हवा कोंडते आणि दाब चुकीचा वाचला जातो. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका, आत पातळ पडदा असतो. जोराची हवाही मारू नका. यंत्र बंद करा, साध्या कोमट पाण्यात धुवा म्हणजे वाळलेल्या घामाचं मीठ सुटेल, झटका आणि छिद्र खाली करून सावलीत रात्रभर ठेवा. चार्जिंगच्या जागेचं रबरी झाकण धुताना घट्ट लावलेलं असू द्या आणि नंतर उघडून आतून कोरडं करा. यंत्रावरची आयपीएक्स ७ ही पाणीरोधक श्रेणी म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. नळाच्या जोरदार धारेची हमी त्यात नाही, म्हणून सायकल पाइपने धुताना यंत्र काढून ठेवा.

चाकोरी

पाठीमागे दोन छिद्रं आहेत, त्यातलं एक पांढऱ्या थराने पूर्ण बुजलेलं दिसतंय. आज रात्री धुऊन ठेवते.